वाळूजला घर घेतलंत, आता मृत्युपत्राचा वकील गाठा

मी 1998 साली जळगावकडून छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कारखान्यात आलो. तुमच्यासारखीच आधी बजाजनगरात भाड्याची खोली, मग हप्त्यावर फ्लॅट. शिफ्टमधला माझा जिवाभावाचा मित्र पंचेचाळिशीत अचानक गेला. सोसायटीत नॉमिनी म्हणून वहिनींचं नाव लागलेलं, त्यामुळे त्या निर्धास्त होत्या. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या स्वकमाईच्या मिळकतीत बायको आणि मुलांइतकाच हिस्सा आईलाही मिळतो. दोन वर्षांनी आई गेल्या, आणि त्यांच्या हिश्शात गावाकडचे दीर वाटेकरी झाले. आज तो फ्लॅट विकायचा तर वहिनींना सगळ्यांच्या सह्या गोळा कराव्या लागतात.

म्हणून वेळीच वकील गाठा, आणि तो इथलाच असू द्या. गावाकडचा ओळखीचा वकील कितीही भला असला तरी इथले कागद वेगळे. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाकडे होता. इनाम जमिनींचे, म्हणजे जुन्या राजवटीत बक्षीस दिलेल्या जमिनींचे प्रश्न आणि उर्दूतल्या नोंदी इथे अजून निघतात. शिवाय आपल्यातल्या कितीतरी जणांनी गुंठेवारीतला, म्हणजे शेतजमिनीचे परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेला प्लॉट नुसत्या बॉण्डवर, नोटरी करून घेतलाय. रजिस्ट्री नसेल तर मालकी तुमच्याकडे आलेलीच नसते, मग मृत्युपत्रात लिहून मुलांना देणार काय? चांगला वकील आधी हेच कागद मागतो. न बघता लिहायला बसला, तर उठून या.

वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, तेव्हा विचारतच जावं लागतं. अदालत रोडला जिल्हा न्यायालयात जा, दिवाणी कामं आणि दस्त करणारा कोण ते दोघातिघांना विचारा. सनद क्रमांक, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा नंबर, विचारायला लाजू नका.

फी आधीच, कामागणिक ठरवा: कागद तपासणं, मसुदा, नोंदणीला सोबत येणं. थोडी सुरुवातीला, बाकी मसुदा वाचून पटल्यावर. पावती घ्या. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी कराच. सरकारी फी 100 रुपये, वर पानांप्रमाणे हाताळणी शुल्क. त्यामुळे 'स्टॅम्पचे इतके हजार' म्हणून कुणी मागितले, तर देऊ नका. वारसाच्या दाव्यात मिळकतीचा टक्का मागणाऱ्यापासूनही लांब राहा, निकालावर फी ठरवायला वकिलांना मनाई आहे.

साक्षीदार दोन लागतात. ते तुमच्यापेक्षा वयाने लहान आणि मिळकतीत काही न मिळणारे बघा. मुस्लिम बांधवांनी मात्र त्यांचा कायदा जाणणाराच वकील धरावा. तिथे इतर वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्र चालत नाही.

आणि माझ्या वहिनींसारखी वेळ कुणा बहिणीवर आलीच, तर फीसाठी दागिने मोडू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. 15100 वर फोन करा.