गोव्यात अगदी लहान मोटार: निवड कशी करावी, वापर कसा करावा

लहान मोटार घेण्याच्या विचारात असलेल्याने शोरूममध्ये पाऊल ठेवण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या आठवड्यातील सगळ्या फेऱ्या एका कागदावर लिहून काढाव्यात आणि प्रत्येक फेरीपुढे रस्ता कोणता व त्यावर वाहने साधारण किती वेगाने धावतात, याची नोंद करावी. ताळगावहून पणजीतील शाळेत, पणजीच्या मळा भागातून बाजारात, हळदोण्याहून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला, अशा फेऱ्या एका बाजूला येतील. काणकोणहून मडगाव, पेडण्याहून पणजी किंवा फोंड्याहून मोलेमार्गे अनमोड घाट चढून बेळगावकडे, अशा फेऱ्या दुसऱ्या बाजूला. लहान गाडी सुरक्षित की असुरक्षित, हा प्रश्न या कागदावाचून सुटत नाही, कारण पहिल्या प्रकारच्या फेऱ्यांना जी गाडी उत्तम ठरते, तीच दुसऱ्या प्रकारच्या रस्त्यावर आपल्या मर्यादेपलीकडे जाते.

करआकारणीच्या हिशेबात ४ मीटरपेक्षा कमी लांबीच्या बऱ्याच गाड्या ‘लहान’ ठरतात, परंतु त्या मापात एसयूव्हीच्या थाटाच्या गाड्याही बसत असल्याने खरेदीदाराला त्याचा फारसा उपयोग नाही. येथे विचार आहे तो त्याहून लहान गाड्यांचा: २,९७४ मिलिमीटर लांबीची एमजी कॉमेट, ३,५३० मिलिमीटरची अल्टो के१०, ३,६५५ मिलिमीटरची वॅगन आर आणि या गटाच्या वरच्या टोकाला ३,७६५ मिलिमीटरची टियागो. बजाज क्यूटसारखी क्वाड्रिसायकल, म्हणजे मोटारीपेक्षा हलक्या वेगळ्या वर्गातील चारचाकी, या हिशेबात धरू नये. तिचा कमाल वेगच ताशी ७० किलोमीटर आहे, २०१६ साली युरो एनकॅप या धडकेच्या चाचण्या घेऊन तारे देणाऱ्या युरोपीय संस्थेच्या क्वाड्रिसायकल चाचणीत तिला एकच तारा मिळाला होता, आणि कुटुंबाची एकमेव गाडी म्हणून ती घेण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

वजन, सांगाडा आणि तारे

सुरक्षिततेचा विचार करताना दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते: गाडीचे वजन आणि गाडीच्या सांगाड्याची मजबुती. समजा, ७५० किलोची एक आणि १,५०० किलोची दुसरी अशा दोन गाड्या प्रत्येकी ताशी ५० किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळल्या आणि एकमेकींत अडकल्या, तर ते धूड जड गाडीच्या दिशेने ताशी सुमारे १७ किलोमीटर वेगाने पुढे सरकेल. याचा अर्थ, जड गाडीतील माणसांचा वेग क्षणार्धात ३३ किलोमीटरने बदलतो, तर हलक्या गाडीतील माणसांचा ६७ किलोमीटरने, म्हणजे बरोबर दुपटीने. एअरबॅग आणि पट्टा यांमुळे या बदलाचा शरीरावरील आघात कमी होतो. मूळ गणित मात्र तेच राहते.

अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २००९ साली हे प्रत्यक्ष दाखवून दिले. भक्कम सांगाड्यासाठी नावाजलेली, अडथळ्यावरील चाचणीत चांगली ठरलेली स्मार्ट फोरटू ही सुमारे २.७ मीटर लांबीची गाडी त्याच उत्पादकाच्या सी-क्लास मोटारीवर समोरून आदळवण्यात आली, आणि स्मार्टमध्ये माणसाच्या जागी बसवलेल्या चाचणी-पुतळ्याची अवस्था वाईट झाली. त्याच वेळी तपासलेल्या होंडा आणि टोयोटा यांच्या लहान गाड्यांचा अनुभवही यापेक्षा फार वेगळा नव्हता.

१ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या देशातील धडक-चाचणी कार्यक्रमाच्या ताऱ्यांकडे याच दृष्टीने पाहावे. त्यातील समोरील धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटर वेगाने, दबणाऱ्या अडथळ्यावर, गाडीचा एका बाजूचा भाग आदळवून घेतली जाते, आणि ती साधारणपणे आपल्याच वजनाच्या गाडीशी होणाऱ्या टकरीसारखी असते. त्यामुळे दोन लहान गाड्यांची आपसांत तुलना करण्यास तारे अत्यंत उपयुक्त आहेत. परंतु चार तारे मिळवलेली लहान गाडी चार तारे मिळवलेल्या अवजड एसयूव्हीइतकीच सुरक्षित, असा अर्थ त्यांतून काढता येत नाही.

समान आकाराच्या गाड्यांतील फरक मात्र मोठा असू शकतो, आणि निवडीला खरा वाव तेथेच आहे. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत २०२० साली टियागोला प्रौढांच्या सुरक्षेसाठी चार आणि मुलांसाठी तीन तारे मिळाले. त्याच वर्षी एस-प्रेसोला प्रौढांसाठी एकही तारा मिळाला नाही. २०२३ साली अल्टो के१० ला प्रौढांसाठी दोन व वॅगन आरला एक तारा मिळाला, आणि मुलांच्या बाबतीत दोन्हींची पाटी कोरी राहिली. त्या गाड्या दोन एअरबॅगच्या होत्या. आता सहा एअरबॅग मिळत असल्या, तरी जुन्या निकालात आपण मनानेच तारे वाढवू नयेत, आणि ज्या गाडीचा निकाल प्रसिद्धच झालेला नाही, तिच्याबाबत विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. चाचणी ऐच्छिक असल्याने निकाल नसणे नियमबाह्य नाही, एवढेच.

आणखी एक बाब तपासावी: स्थिरता नियंत्रण. गाडी घसरू लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला सरळ ठेवणारी ही यंत्रणा पहिल्या पावसाने तेलकट झालेल्या वळणावर अतिशय मोलाची ठरते. ती हव्या त्या मॉडेलमध्ये आहे की केवळ महागड्या आवृत्तीत, हे लेखी विचारून घ्यावे आणि पैसे कमी पडत असल्यास मोठा स्क्रीन व चकचकीत चाके सोडून द्यावीत.

कागदावरील निम्म्याहून अधिक किलोमीटर राष्ट्रीय महामार्ग ६६ वर किंवा खनिजाचे ट्रक चालणाऱ्या रस्त्यावर पडत असतील, तर माझ्या मते तीन मीटरची गाडी घेऊ नये. चांगले तारे मिळवलेली पावणेचार मीटरची गाडी घ्यावी. याउलट, आजवर भर पावसात स्कूटरवर मुलाला पुढ्यात उभे करून शाळेत सोडणाऱ्या पालकांनी कमी ताऱ्यांची भीती बाळगून स्कूटरवरच राहणे, हा शहाणपणा म्हणता येणार नाही. पट्टा लावलेला प्रवासी कोणत्याही चारचाकीत दुचाकीस्वारापेक्षा अधिक सुरक्षित असतो. मांडवीवरील अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे, हेही पर्वरी–पणजी असा रोज प्रवास करणाऱ्याने लक्षात घ्यावे.

बसणे, सामान आणि फेरीबोट

जागेचा अंदाज आकड्यांवरून घेण्यापेक्षा माणसे आणि सामान बरोबर नेऊन घ्यावा. अल्टोची डिकी २१४ लिटरची, वॅगन आरची ३४१ लिटरची. कॉमेटमध्ये मागची आसने उभी असताना डिकी जवळजवळ नाहीच. दोन दारांच्या गाडीत घरातील आजींना मागे बसवून पाहावे. पुढचे आसन सरकवून आत शिरणे त्यांना जमत नसेल, तर त्या कायम पुढेच बसणार हे गृहीत धरून बाकीचा विचार करावा. मुलाचे आसन आयसोफिक्स खाचांत प्रत्यक्ष अडकवून पाहावे, आणि ते अडकवल्यावर पुढच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकत नाहीत ना, हेही पाहावे. तान्ह्या मुलाचे मागे तोंड करून बसवायचे आसन, एअरबॅग चालू असलेल्या पुढील जागेवर कधीही ठेवू नये.

खरी परीक्षा चवथीला होते. पणजीतील बिऱ्हाड घेऊन सत्तरीतील मूळ घरी निघताना चार माणसे, दोन दिवसांचे कपडे, माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचे) सामान आणि मांडीवर गणपती, एवढे सारे लहान गाडीत बसत नाही, आणि बसवू नये. मागच्या आसनाच्या पाठीवर रचलेले नारळ ब्रेक दाबताच पुढे येतात, मांडीवरील मूर्ती धरणाऱ्याचा पट्टा सुटलेला असतो, आणि जादा भाराने ब्रेकचे अंतरही वाढते. अशा दिवसासाठी भाड्याची मोठी गाडी सांगणे, हे वर्षभर मोठी गाडी पोसण्यापेक्षा स्वस्त पडते. मागच्या प्रवाशांनी पट्टा लावणे गोव्यात अजून अंगवळणी पडलेले नाही. लहान गाडीत मात्र पट्टा न लावलेला मागचा माणूस पुढच्या माणसाच्या पाठीवर आदळतो, म्हणून येथे आग्रह धरावाच. मागच्या प्रवाशाचे डोके काचेच्या जवळ येत असल्यास डोक्यामागील उशी पूर्ण वर उचलून लावावी.

लहानपणाचा निखळ फायदा शहरात आहे. कॉमेटची वळणत्रिज्या ४.२ मीटर आहे, म्हणजे फोंतेन्यशच्या बोळात समोरून गाडी आली असता चार वेळा मागे-पुढे करण्याऐवजी दोनदा केल्याने काम भागते, आणि १८ जून रस्त्यावर मोठ्या गाड्यांनी सोडून दिलेल्या फटीत आपली गाडी उभी राहते. चोडण किंवा दिवाडीच्या फेरीबोटीतही उरलेल्या कोपऱ्यात लहान गाडीला जागा मिळण्याची शक्यता अधिक असते. मात्र ओहोटीच्या वेळी धक्का आणि बोट यांच्या फळीचा चढ-उतार वाढतो. तेव्हा गाडीचे नाक घासणार नाही, अशा बेताने अगदी सावकाश, शक्य तेवढे सरळ चढावे, आणि बोटीवर गाडी गिअरमध्ये ठेवून हातब्रेक ओढावा.

पाऊस, घाट आणि वीज

लहान चाक खड्ड्यात अधिक खोल जाते. कॉमेटची चाके १२ इंची, अल्टोची १३ इंची आहेत, त्यामुळे मोठ्या गाडीला केवळ हिसका देणारा खड्डा येथे रिम वाकवू शकतो. टायरमधील हवा दर पंधरवड्याला, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या प्रमाणात भरावी, आणि टायर खाचांतील झिजेच्या खुणेपर्यंत झिजण्याची वाट न पाहता पावसाळ्यापूर्वीच बदलावेत.

साचलेल्या पाण्याबाबत हलक्या गाडीच्या मालकाने परत फिरण्याची भीड बाळगू नये. साडेतीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद तळाची ७५० किलोची गाडी, तळाच्या वर सुमारे १५ सेंटिमीटर पाणी चढताच तरंगण्याच्या बेतात येते. जमिनीपासून मोजल्यास ते सुमारे एक फूट भरते. वाहत्या पाण्यात ती त्याआधीही सरकू शकते. म्हणून चाकाच्या निम्म्याच्या वर पाणी दिसले, की परत फिरावे. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये, आणि विमा घेताना इंजिनात पाणी शिरल्याने होणाऱ्या नुकसानीचे जादा संरक्षण आहे का, ते विचारावे. साध्या पॉलिसीत ते बहुधा नसते.

चोर्ला किंवा अनमोड घाटात एक लिटर इंजिनाची गाडी चार माणसांसह चढते, फक्त चालकाने तिला वेळ द्यावा लागतो. ट्रकला ओलांडण्यासाठी लागणारे मोकळे अंतर मोठ्या गाडीच्या तुलनेत बरेच अधिक धरावे, आणि शंका असल्यास मागेच राहावे. उतारावर ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच गिअरमध्ये उतरावे. ऑटोमॅटिक एएमटी असल्यास ती हाताने खालच्या गिअरमध्ये टाकावी. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी पूर्ण भरलेली असल्यास उतारावर मोटारीकडून मिळणारा रोध कमी होतो, हे घाटमाथ्यावर चार्जिंग करून निघणाऱ्यांना माहीत असावे.

इलेक्ट्रिक लहान गाडी गोव्याच्या अंतरांना उत्तम जुळते. कॉमेटची बॅटरी १७.३ किलोवॉट-तासांची आणि कंपनीने सांगितलेला पल्ला २३० किलोमीटरचा; प्रत्यक्षात त्याहून बराच कमी धरला, तरी पणजी–मडगाव जाऊन येणे सहज होते. अडचण असते ती घरच्या वायरिंगची. जुन्या घरांतील प्लगला नीट अर्थिंग नसते आणि रात्रभर चालणारा भार पातळ तारा तापवतो, म्हणून परवानाधारक वायरमनकडून चार्जरसाठी स्वतंत्र १६ अँपियरची लाइन, स्वतंत्र एमसीबी आणि अर्थिंग करून घ्यावे. विस्तारित बोर्डावरून चार्जिंग करू नये. पावसात वीज जाण्याचा अनुभव सर्वांनाच असल्याने बॅटरी निम्म्यावर येताच लावण्याची सवय ठेवावी.

जुनी गाडी घेताना

धडकेच्या चाचणीचा सक्तीचा नियम नव्या मॉडेलांना १ ऑक्टोबर २०१७ पासून आणि आधीपासून बाजारात असलेल्या मॉडेलांना १ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाला, म्हणून २०१९ पूर्वीची लहान गाडी स्वस्त मिळत असली तरी तिच्या उत्पादनाचा महिना नोंदणीपत्रावर पाहावा. पुढील दोन्ही एअरबॅगची सक्ती तर त्यानंतरची आहे. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत उभ्या राहिलेल्या गाडीचा गंज रंगाखाली लपतो. गाडी लिफ्टवर चढवून दारांखालच्या पट्ट्या, पुढील सस्पेन्शनच्या वरील टोकाचा पत्रा आणि मागील चाकांच्या कमानी आतून तपासाव्यात, कारण या जागा सडल्या की धडकेत सांगाडा उभा राहत नाही. गाडी पूर्वी पर्यटकांना भाड्याने दिली जात होती का, हे नोंदणीच्या इतिहासावरून आणि क्लचच्या अवस्थेवरून कळते. शेवटी, चालवून पाहताना विक्रेत्याने निवडलेल्या सपाट रस्त्यावर न जाता चार माणसे बसवून, एसी चालू ठेवून पणजीतील आल्तिनोचा चढ चढावा, अर्ध्यावर थांबावे, आणि हातब्रेकवरून गाडी मागे न घसरता सुटते की नाही, ते पाहूनच किमतीची बोलणी सुरू करावीत.