खिलार बैलाचं पोर्ट्रेट: आधी वॉटरकलर, मग कलर पेन्सिल

पांढऱ्या कागदावर पांढरा बैल काढायचा कसा? मामाच्या बैलाचं, पाखऱ्याचं चित्र काढायला घेतलं तेव्हा मी पहिले दोन दिवस याच्यातच अडकले होते. मामाचं गाव आटपाडीकडे, म्हणजे खिलार जातीच्या बैलांचाच मुलूख, आमच्याकडे पोळा नसतो, आषाढात बेंदूर हा बैलांचा सण असतो आणि बेंदराच्या आत मला ते चित्र मामाच्या भिंतीवर लावायचं होतं कारण पाखऱ्या आता थकलाय. तेव्हापासून आजवर सात-आठ जनावरांची पोर्ट्रेट झाली, त्यातून जे हाताला लागलं ते सगळं इथे लिहितेय. बैल नसेल, घरचं कुत्रं-मांजर काढायचं असेल तरी पद्धत हीच.

सुरुवात फोटोपासून, आणि इथेच निम्मं चित्र बिघडतं. मोबाईल जनावराच्या तोंडाजवळ नेऊन फोटो काढला की नाकाड भलंमोठं येतं आणि शिंगं मागे बारीक होत जातात. खिलारची तर शानच शिंगांत, त्यामुळे आठ-दहा फूट लांब उभं राहा, २एक्स झूम करा, आणि मोबाईल बैलाच्या डोळ्याच्या उंचीवर धरा. दुपारच्या उन्हात पांढरा बैल फोटोत नुसता जळालेला दिसतो, केसबिस काही उरत नाही. सकाळी नाहीतर चारनंतर, उजेड एका बाजूने पडत असताना काढा, आणि स्क्रीनवर बैलाच्या कपाळावर बोट टेकवून उजेड थोडा खाली ओढा, म्हणजे पांढऱ्यातल्या छटा वाचतात. मेन फोटोशिवाय डोळ्याचा, नाकपुडीचा, कानाचा आणि शिंगाच्या बुडाचा असे जवळून चार वेगळे फोटो हवेतच. हे प्रमाणासाठी नाही, फक्त डिटेलसाठी.

कागदावर कंजुषी करू नका. ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड), जमलं तर १०० टक्के कॉटनचा हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत कागद घ्या. खरबरीत कोल्ड प्रेस वॉटरकलरला मस्त असतो पण त्याच्या दाण्यांवरून पेन्सिल उड्या मारत जाते आणि बारीक केस काढताच येत नाहीत. साईज ए४ पेक्षा लहान नको, आणि चेहरा एवढा मोठा घ्या की डोळा निदान दीड सेंटीमीटर तरी भरेल, त्याच्यापेक्षा लहान डोळ्यात पेन्सिलीचं टोक फिरत नाही. कागदाच्या चारी बाजू मास्किंग टेपने बोर्डवर चिकटवून टाका.

ड्रॉइंग थेट चांगल्या कागदावर करू नका, कारण पांढऱ्या जनावराच्या चित्रात शिसपेन्सिलीचा काळपटपणा वॉशमध्ये, म्हणजे पाणी घातलेल्या रंगाच्या पातळ थरात मिसळला की चित्र मळकट होतं. साध्या कागदावर खोडखाड करून काय ते फायनल करा, त्या कागदाच्या मागच्या बाजूला फिकट तपकिरी कलर पेन्सिल घासा, चांगल्या कागदावर ठेवून रेषा गिरवा. उमटलेल्या रेषा निडेबल (कणकेसारख्या मळता येणाऱ्या) खोडरबराने टिपून टिपून अगदी पुसट करा, नाहीतर मेणाच्या त्या रेषेवर रंग नीट बसत नाही.

प्रमाणासाठी डोळ्याची रुंदी हेच माप धरा. डोळ्यापासून नाकपुडी किती डोळे लांब, डोळ्यापासून शिंगाचं बूड किती, हे फोटोवर मोजायचं आणि तेच कागदावर. आपल्याला माणसाचे चेहरे बघायची सवय असते म्हणून नकळत आपण बैलाचे डोळे समोर आणतो आणि मग तो बैल न वाटता कार्टून वाटतो. डोळे डोक्याच्या बाजूला असतात, त्यामुळे तीन-चतुर्थांश वळलेल्या चेहऱ्यात पलीकडचा डोळा जेमतेम कडेला दिसतो, दिसतो तेवढाच काढा. खिलारचं तोंड लांबट आणि निमुळतं, कपाळ फुगीर होत मागे शिंगांकडे जाणारं, कपाळाच्या मधोमध एक खळगी. शिंगं बुडाशी एकमेकांच्या जवळ, आधी मागे जातात आणि मग कमान घेऊन वर. शिंग काढताना शिंगाकडे बघू नका, दोन शिंगांच्या मधल्या मोकळ्या जागेचा आकार बघा आणि तो आकार काढा, शिंगं आपोआप बरोबर येतात.

आता रंग. पांढरा रंग बाजूला ठेवून द्या, शेवटपर्यंत त्याला हात लावायचा नाही. पांढरा म्हणजे कागद. आपण रंगवतो ती बैलाच्या अंगावरची सावली, आणि ती सावली कधीच नुसती काळी-राखाडी नसते. काळ्यात पाणी घालून केलेला राखाडी रंग चित्राला मरगळ आणतो. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळा, निळा जास्त घातला की थंड राखाडी, सिएना जास्त घातला की उबदार. मी तीन वाट्या करून ठेवते, एक थंड, एक उबदार आणि एक उबदारमध्ये चिमूटभर यलो ऑकर (मातकट पिवळा) घातलेली. वर आकाशाकडे तोंड केलेला जो भाग सावलीत आहे तिथे थंड, कारण तिथे आकाशाचा निळा पडतो. जबड्याच्या खाली आणि मानेखाली लोंबणाऱ्या कातडीच्या पोळीवर ऑकरवाला, कारण जमिनीचा उजेड खालून वर उसळतो. हे एकदा फोटोत दिसायला लागलं ना की पांढऱ्या गायीबैलांकडे बघायची नजरच बदलते. माणदेशात तर मुरमाड जमीन उन्हात इतकी तापलेली असते की पाखऱ्याच्या हनुवटीखाली मला चक्क केशरी झाक दिसली होती, आणि ती घातल्यावरच तो उन्हात उभा राहिल्यासारखा वाटायला लागला.

पहिला वॉश एकदम पातळ. सावलीची बाजू स्वच्छ पाण्याने ओली करा, पाण्याची चकाकी जराशी ओसरली की रंग सोडा, उजेडाकडची कड ओल्या ब्रशने विरघळवून टाका. उजेडाचा भाग कोरा. वाळू द्या. वॉटरकलर वाळल्यावर फिका पडतो, तेव्हा ओला असताना जेवढा गडद वाटतोय तेवढा तो राहणार नाही हे धरून चाला. असे दोन-तीन लेयर पुरतात, प्रत्येक लेयर आधीच्यापेक्षा लहान जागेत, शेवटचा तर फक्त कानाच्या आत, जबड्याच्या वळणाखाली आणि शिंगाच्या बुडापाशी. नर खिलारात मान आणि खांदा बऱ्याचदा जास्त करडा असतो, तिथे वशिंडाकडे जाताना रंग हळूहळू चढवा.

डोळ्याला वेळ द्या, मी एका डोळ्याला तासभर सहज घालवते. बैलाची बाहुली आडवी असते, गोल नाही. डोळा इतका गडद की आधी ती कळतच नाही, पण जवळच्या फोटोत दिसेल. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीनचाच दाट काळा करा, ट्यूबमधला काळा नको. चमकीचा ठिपका कोरा कागद म्हणून सोडा, आणि डोळ्याच्या वरच्या भागात अगदी फिकट निळा, ते आकाशाचं प्रतिबिंब. वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडते ती घातल्याशिवाय डोळा खोबणीत बसत नाही, बाहेर आल्यासारखा दिसतो.

नाकाड ओलसर असतं, त्यावर बारीक बारीक उंचवट्यांची नक्षी असते आणि ती प्रत्येक जनावराची वेगळी. तिथे ओल्यात ओला रंग टाका, अर्धवट वाळला की टिश्यूच्या टोकाने दोन-चार ठिकाणी टिपून घ्या, ओल्या कातडीची चकाकी तिथेच मिळते. नक्षी नंतर पेन्सिलीने.

बेंदराचा सजवलेला बैल काढत असाल तर शिंगांना हिंगुळाचा लाल येतो, शिंगांच्या टोकांना पितळी शेंब्या येतात, गोंडे, बाशिंग, झूल, सगळंच. माझं मत विचाराल तर पोर्ट्रेटमध्ये यातलं एखादंच ठेवा. सगळा साज काढला की डोळा साज बघत बसतो आणि बैल मागे राहतो. मी पाखऱ्याला फक्त वेसण आणि लाल शिंगं ठेवली. लालवरही एका कडेला पातळ निळसर सावली लागते, नाहीतर शिंग चपटं दिसतं. शेंबीला सोनेरी रंग वापरू नका, यलो ऑकर घ्या आणि त्याला अगदी चिकटून दाट बर्न्ट अंबर, गडद आणि उजळ शेजारी आले की पितळ चमकतं.

पाण्याचं सगळं काम इथे संपलं पाहिजे. पेन्सिलीतलं मेण किंवा तेल कागदावर बसलं की वर पाणी धरत नाही, थेंब थेंब होऊन घसरतं, मग मागे फिरता येत नाही. आणि हो, पेन्सिली घेताना डब्यावर ब्रशचं चित्र आहे का बघा, असेल तर त्या पाण्यात विरघळणाऱ्या, आपल्याला साध्या हव्यात. मी फेबर-कॅसलच्या पॉलिक्रोमोस वापरते, त्या तेलाच्या असल्यामुळे टोक जास्त टिकतं, प्रिझमाकलर मेणाच्या आणि मऊ, रंग भरभरून देतात पण बारीक केसाला सारखं शार्पनर लागतं. पूर्ण सेटची गरज नाही. वॉर्म ग्रेच्या दोन छटा, कोल्ड ग्रेची एक, डार्क सेपिया, डार्क इंडिगो, बर्न्ट ऑकर, आयव्हरी आणि नाकासाठी एखादा फिकट गुलाबी, सुट्या मिळतात.

कागद पूर्ण वाळलाय का ते हाताच्या पालथ्या बाजूने बघा, गार लागला तर आत ओल आहे. पावसाळ्यात मी रात्रभर ठेवते. वाळल्यावर, पेन्सिल लावायच्या आधी एक काम: शाई संपलेलं बॉलपेन घेऊन पापण्यांचे उजळ केस आणि नाकाडावरच्या मिशा कागदावर दाबून ओढा. नंतर वरून पेन्सिल फिरवली की त्या खाचेत रंग जात नाही आणि केस उजळ राहतो. हेच वॉटरकलरच्या आधी केलंत तर उलटं होईल, खाचेत रंग साचून काळी रेघ पडेल. माझं एक चांगलं चाललेलं चित्र असंच गेलं.

आता केस. फोटोची एक प्रिंट काढून त्यावर स्केचपेनने बाण काढा, कुठे केस कुठल्या दिशेला जातात. कपाळावर भोवरा असतो, तिथून केस चारी बाजूला फिरत निघतात, नाकाच्या दांडीवरून खाली येतात, गालावर मागे वळतात, कानाच्या कडेला जरा लांब होतात. पाखऱ्याच्या पहिल्या चित्रात मी भोवरा अंदाजाने मधोमध काढला होता. मामाने चित्र हातात घेतलं, जरा वेळ बघितलं आणि म्हणाला, "पोरी, बैल झ्याक हाय, पर ह्यो आपला न्हवं." पाखऱ्याचा भोवरा डाव्या डोळ्याकडे सरकलेला आहे. शेतकरी बैल घेतानाच भोवरे बघून घेतो, त्याला तो चेहऱ्याइतकाच ओळखीचा. मी पुन्हा नवा कागद घेतला.

बैलाच्या तोंडावरचे केस आखूड, त्यामुळे रेघ दोन-तीन मिलिमीटरचीच, टेकवताना जरा दाब आणि सुटताना हलकी, म्हणजे टोक निमुळतं होतं. पण पांढऱ्या जनावराचे केस काढायचे नसतात, केसांच्या मधली सावली काढायची असते. ग्रे पेन्सिलीने दोन झुबक्यांमधली फट काढा, झुबका कागदाचाच राहू द्या. आधी फिकट, मग त्यात थोड्याच ठिकाणी सेपिया, आणि सगळ्यात खोल जागी इंडिगो. उजेडाची निम्मी बाजू बिनपेन्सिलीची सोडा, मन धजावत नाही पण सोडाच, तिथे एकेक केस काढत बसलात तर पांढरा बैल करडा होऊन जातो. पांढरी पेन्सिल ग्रे वॉशवर मंदच दिसते, मधल्या छटेवर थोडं मऊपण आणायला ठीक. अगदी शुभ्र दोन-चार केस हवे असतील तर बारीक ब्रशने पांढरा गुआश (खालचा रंग झाकणारा दाट जलरंग), सगळ्यात शेवटी.

वेसणीचा दोर काढताना पिळाच्या तिरक्या रेघा सगळे काढतात, दोराखालची सावली मात्र विसरतात. दोराच्या एका कडेला, गालावर, पातळ गडद रेघ द्या, तिनेच दोर चेहऱ्यावर टेकतो.

म्हैस काढणार असाल तर हे सगळं उलटं करा. पंढरपुरी म्हशीची ती खांद्यापर्यंत गेलेली शिंगं काढायला फार सुंदर, आणि काळ्या कातडीवर आकाशाचा निळा इतका पडतो की उजेडाची बाजू चक्क फिकट निळ्या वॉशने सुरू करायची आणि काळ्याकडे जायचं. मांजराची बाहुली उजेडात उभी चीर होते, कुत्र्याची गोल, बाकी डोळ्याची पद्धत तीच.

चित्र झालं की फिक्सेटिव्ह, म्हणजे रंग धरून ठेवणारा स्प्रे, गच्चीत जाऊन लांबून हलकं मारा, दोन पातळ हात. मेणाच्या पेन्सिलीवर काही दिवसांनी पांढुरकी साय येते ती मऊ कापडाने पुसून मग मारा. फ्रेम करताना माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) लावायला सांगा म्हणजे काच कागदाला चिकटत नाही, आणि गावाकडच्या घरात लावणार असाल तर फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे तुकडे चिकटवा, भिंतीची ओल कागदापर्यंत येत नाही. थेट ऊन पडतं ती भिंत नको, रंग उडतात. मामाने पाखऱ्याला ओसरीत लावायचं ठरवलं होतं, तिथे सकाळचं ऊन येतं म्हणून मी आतल्या खोलीत देवळीच्या वर खिळा ठोकून घेतला.