भूजलातले अ‍ॅम्फिपॉड गोळा करताय? या चुका टाळा

अ‍ॅम्फिपॉड म्हणजे कोळंबीच्या नात्यातले छोटे कवचधारी प्राणी. त्यांची कुपी येते, सोबत निरोप येतो: “गुहेत पांढरा, आंधळा अ‍ॅम्फिपॉड सापडलाय. बहुतेक नवी प्रजाती.” कुपी उघडावी तर कधी आतला प्राणी गुहेतला नसतोच. कधी तो कुठून आणला हे आणणाऱ्यालाच सांगता येत नाही. कधी प्राणी एकीकडे आणि त्याचे पाय तळाशी गाळात. चुका दरवेळी नव्या असत्या तर वैतागलो नसतो, निदान करमणूक तरी झाली असती. पण त्याच त्या आहेत, आणि बहुतेक सगळ्या घाईतून झालेल्या.

पांढरा दिसला म्हणून गुहेतला ठरत नाही

माझा सगळ्यात मोठा राग या चुकीवर आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात.

जमिनीवरच्या ओढ्यांत आणि झऱ्यांत राहणारे गॅमरस वंशातले अ‍ॅम्फिपॉड जिवंतपणी राखाडी, तपकिरी, हिरवट, कधी नारिंगी असतात. अल्कोहोलमध्ये टाकले की हे रंग उतरू लागतात. पुढे डोळ्यांतला काळा रंगही फिकट होतो. कपाटात काही महिने पडलेली गॅमरसची कुपी आणि गुहेतल्या निफार्गसची (हा भूजलातला आंधळा वंश) कुपी शेजारी ठेवली, तर नुसत्या नजरेने दोन्ही सारख्याच पांढऱ्याफटक दिसतात.

एका नवख्या अभ्यासकाने झऱ्याच्या मुखापासून बरंच खाली, पाणी ओढ्याला मिळतं तिथल्या पालापाचोळ्यात जाळी मारली. जे आलं ते एका बरणीत ओतलं, वर अल्कोहोल घातलं आणि बरणी कपाटात ठेवून दिली. पुढच्या हंगामात उघडली, तर सगळे प्राणी पांढरे. माझ्याकडे नमुने आले तोवर लेखाचा मसुदा तयार होता, प्रजातीचं नावसुद्धा ठरलं होतं. मी एक प्राणी स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली घेतला आणि बाजूने तिरका प्रकाश टाकला. डोक्यावर मूत्रपिंडाच्या आकाराची डोळ्याची कड लख्ख दिसली, आतले भिंगांचे ठिपकेही. जिवंतपणीचा फोटो आहे का, विचारलं. नव्हता. वहीत रंगाची नोंद? तीही नव्हती. “पण सापडला झऱ्यातच ना?” हा त्याचा शेवटचा मुद्दा. झऱ्यात दोन्ही सापडतात. खालच्या पाण्याबरोबर वाहून आलेले भूजलवासी असतात, आणि तिथेच पानं कुरतडत जगणारे डोळस रहिवासीही असतात. मुखापासून किती अंतरावर जाळी मारली, तेवढी एक नोंद असती तरी पुढचा सगळा खटाटोप वाचला असता.

याच चुकीची उलटी बाजूही आहे. डोळे बारीक दिसले की लगेच वेगळी प्रजाती ठरवतात. वेस्ट व्हर्जिनियातल्या गॅमरस मायनसकडे बघा. झऱ्यांतल्या प्राण्यांचे डोळे नीट असतात, तर काही गुहांतल्या प्राण्यांचे डोळे खूपच लहान आणि स्पर्शिका लांब, तरीही प्रजाती एकच मानली जाते. इलिनॉयमधला गॅमरस अ‍ॅकेरॉन्डायटिस तर गुहांतल्या ओढ्यांतच राहतो, अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत तो 1998 पासून आहे, आणि त्याला लहान का होईना, डोळे आहेत. डोळा हा एक पुरावा आहे, निकाल नव्हे.

माझी सवय साधी आहे. प्राणी जिवंत असतानाच पांढऱ्या ट्रेमध्ये घ्यायचा, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढायचा आणि वहीत तीन गोष्टी लिहायच्या: रंग, डोळे, चाल. अल्कोहोलची बाटली त्यानंतर उघडायची. दहा मिनिटंही लागत नाहीत. ज्यांना ही दहा मिनिटं जड वाटतात, ते पुढे दहा पत्रं लिहितात.

अ‍ॅम्फिपॉड आहे का, ते आधी बघा

दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा, बहुधा कुशीवर पडणारा असेल तर अ‍ॅम्फिपॉड. पाठीकडून चपटा असेल तर आयसोपॉड, म्हणजे कवचधारींचा दुसराच गट. एवढं बघायला मायक्रोस्कोपही लागत नाही, तरी आयसोपॉडने भरलेल्या कुप्या येतच राहतात.

“जाळी टाकली, काहीच नाही”

विहिरीत जाळी एकदा सोडली, पाण्याच्या मधल्या थरातून वर ओढली आणि अहवालात लिहून टाकलं: अ‍ॅम्फिपॉड नाहीत. हे प्राणी तळाच्या गाळाजवळ असतात. जाळी तळाला टेकवायची, हळूच वरखाली करून गाळ उठवायचा, मग ओढायची. हे पुन्हा पुन्हा करायचं, पाच-दहा ओढी तरी हव्यातच. जाळीची वीणही बघा. बोगिडिएलासारखे काही मिलिमीटरचे, दोऱ्यासारखे बारीक प्राणी जाड जाळीतून सरळ निसटतात. आग्नेय भारतातल्या विहिरींमधून 2006 मध्ये वर्णन झालेली बोगिडिएला इंडिका याच गटातली. फुलपाखरांच्या जाळीचं कापड शिवून नेणाऱ्यांना ती कधी दिसायची नाही.

नदीकाठच्या वाळू-गोट्यांत दोन जुन्या पद्धती आजही चालतात. एक म्हणजे काठावर खड्डा खणायचा, पाझरून आलेलं पाणी उपसून गाळायचं. ही कारामान-शापुई पद्धत. दुसरी 1967 मध्ये बू आणि रूश यांनी मांडलेली: भोकं पाडलेला लोखंडी पाइप ठोकून आत घालायचा आणि हातपंपाने पाणी खेचायचं. खड्डा खणायला पंप लागत नाही, पण नवख्यांना पंपच हवा असतो, कारण पंपाबरोबर फोटो चांगला येतो.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे पाझर. उतारावर कुजक्या पानांखाली जेमतेम ओल असते, वाहतं पाणी असं दिसतच नाही. लोक त्यावर पाय देऊन ‘खऱ्या’ झऱ्याकडे निघून जातात. उत्तर अमेरिकेतल्या स्टायगोब्रोमस वंशाच्या कित्येक प्रजाती अशाच ओलीत राहतात. त्यांतली स्टायगोब्रोमस हेयी तर वॉशिंग्टन शहर आणि आसपासच्या मोजक्या लहानशा झऱ्यांपुरती आहे. तिचं वर्णन 1940 मध्ये झालं आणि 1982 पासून ती संकटग्रस्त यादीत आहे. पानं एकेक करून उलटायची आणि प्राणी मऊ चिमट्याने किंवा पिपेटने उचलायचा. फावड्याने ओरबाडायचं नाही. त्या तेवढ्या ओलीत प्राण्याचं सगळं घरदार असतं.

एका फेरीवर निकाल देऊ नका. मोठ्या पावसानंतर झऱ्याच्या तोंडाशी बारीक जाळी बांधून ठेवली, तर कोरड्या दिवसांत कधी न दिसलेले प्राणी खालून वाहून येतात. मात्र त्या काळात गुहेच्या आत जायचं नाही. जाळी बाहेर बांधा आणि तुम्हीही बाहेरच थांबा.

कुपीतलं अल्कोहोल आणि कुपीवरचं नाव

ही माझी दुसरी आवडती तक्रार.

बाटलीवर 96 टक्के लिहिलं आहे म्हणून कुपीतही 96 टक्केच राहतं, असं लोकांना खरंच वाटतं. प्राण्यांबरोबर पाणी जातं, पानं जातात, गाळ जातो, आणि प्राण्याच्या अंगातही पाणी असतंच. अर्धी कुपी प्राण्यांनी भरलेली असेल तर आत उरतं ते पातळ झालेलं मिश्रण. त्यात प्राणी मऊ पडतात, सांधे सुटतात, डीएनए तुटायला लागतो. नियम एकच: गाळ काढून टाका, प्राणी थोडे आणि अल्कोहोल भरपूर, आणि दुसऱ्या दिवशी जुनं ओतून ताजं घाला. हे ‘दुसऱ्या दिवशी’ कोणी करत नाही, कारण दुसऱ्या दिवशी सगळे परतीच्या प्रवासात असतात. मग बाटली सोबत ठेवा, मुक्कामाच्या ठिकाणी बदला.

डीएनए हवा असेल तर तीव्र इथेनॉल. पण त्यात प्राणी कडक होतो आणि हात लावला की पाय मोडतात. म्हणून शक्य असेल तिथे मी दोन कुप्या करतो. काही प्राणी 96 टक्क्यांत, काही 70 टक्क्यांत, ते अवयव बघण्यासाठी. फॉर्मलिनमध्ये रचना छान टिकते, डीएनए मात्र हातचा जातो. “जवळ तेच होतं” हे कारण ऐकून ऐकून कान किटले.

आता चिठ्ठी. मार्कर पेनने झाकणावर लिहिलं जातं, आणि अल्कोहोलचा एक थेंब झिरपला की ते पुसलं जातं. एकदा एका मोहिमेतून खोकाभर कुप्या आल्या. वाटेत एक कुपी गळली होती आणि शेजारच्या सगळ्या झाकणांवर निळसर डाग तेवढे उरले होते. आत प्राणी सुरेख होते, काही नर तर पूर्ण वाढलेले. पण कुठली विहीर आणि कुठली गुहा, हे कोणालाच सांगता येईना. मोहिमेतले दोघं आठवणीवर भांडले, आणि प्रत्येकाची यादी वेगळी निघाली. तो खोका आता विद्यार्थ्यांना पाय सोडवायचा सराव म्हणून वापरला जातो. ज्या प्राण्यांच्या प्रजाती अनेकदा एखाद्या खोऱ्यापुरत्या मर्यादित असतात, त्यांचं ठिकाण हरवलं की नमुन्याचा जीवच गेला.

चिठ्ठी कुपीच्या आत टाका. जाड कागद घ्या आणि साध्या पेन्सिलने ठिकाण, तारीख, पद्धत आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहा. बॉलपेन नको, जेलपेन तर मुळीच नको. फोनमधली नोंद ही चिठ्ठी नव्हे.

चित्र बघून नाव ठेवणं

हा रोग जुना आहे. 1836 मध्ये गॅमरस प्युटेनस हे नाव आलं; आज ही प्रजाती निफार्गस वंशात धरतात. पुढे कित्येक वर्षं युरोपभर विहिरीत पांढरा अ‍ॅम्फिपॉड दिसला की त्याला ‘प्युटेनस’ म्हणून मोकळे होत. आज एकट्या निफार्गस वंशात 400 हून अधिक प्रजाती मानल्या जातात. तरीही फोटो पाठवून “कुठली प्रजाती?” विचारणारे आहेतच. फोटोवरून वंशाचा अंदाज बांधता आला तरी पुष्कळ झालं.

पिल्लांवरून नाव ठरवू नका. ओळखीची लक्षणं, म्हणजे पकडीच्या पायांचा आकार, काट्यांची संख्या, शेवटच्या युरोपॉडची (शेपटीकडच्या पायाची) लांबी, ही वाढीबरोबर बदलतात. निफार्गसच्या पुष्कळ प्रजातींत पूर्ण वाढलेल्या नराचा तिसरा युरोपॉड मादीपेक्षा कितीतरी लांब असतो. कुपीत एक नर आणि एक मादी असली की नवखा माणूस दोन प्रजाती जाहीर करतो. अवयव सोडवताना एकाच बाजूचे सोडवा, दुसरी बाजू शाबूत राहू द्या. तुमच्यानंतरही कोणीतरी तो प्राणी बघणार आहे.

“आम्ही बारकोड केलाय”, म्हणजे डीएनएच्या तुकड्यावरून ओळख पटवलीय, असं म्हटलं की सगळं संपलं, असंही नाही. सीओआय या एका जनुकाचा क्रम घ्यायचा आणि डेटाबेसमधल्या सगळ्यात जवळच्या नावाला चिकटायचं, हा शॉर्टकट आहे. तिथलं नावच चुकलेलं असेल तर तुमचंही चुकलं. निफार्गस रेनोरोडानेन्सिस या एका नावाखाली अनेक वेगळ्या वंशरेषा दडल्याचं डीएनएमुळेच कळलं, पण ते अनेक ठिकाणचे नमुने आणि एकाहून जास्त जनुकं घेऊन. 200 किलोमीटरपेक्षा जास्त पसरलेल्या भूजल प्रजाती फार थोड्या. दूरच्या प्रदेशातलं नाव जुळलं तर आनंदू नका, संशय घ्या.

जिवंत ठेवताना

गॅमरस आणि निफार्गस एका बाटलीत ठेवू नका. एकमेकांना खातात, आणि कात टाकलेला मऊ प्राणी पहिला जातो. शिवाय ऑक्सिजन संपत आला की गॅमरस काही तासांत मरतो आणि कुजून सगळं पाणी नासवतो. निफार्गस तशा पाण्यात दोनेक दिवस तग धरू शकतो, म्हणून सकाळी तो एकटा हलताना दिसला तर बाटली चांगली होती असं समजू नका.

पाणी त्याच ठिकाणचं, बाटली थंड आणि अंधारात. डोळे नसले तरी हे प्राणी उजेडापासून पळतात. रोज खायला घालू नका. निफार्गस महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो. पाळलेले मरतात ते बहुधा उपासाने नाही, तर न खाल्लेल्या अन्नाने नासलेल्या पाण्याने.

हव्यासापोटी

भूजलातल्या माद्या थोडीच अंडी घालतात, पिल्लं सावकाश वाढतात, प्राणी वर्षानुवर्षं जगतो. लहान डबक्यातले सगळे उचलून आणले तर ते पुन्हा कधी भरेल याची खात्री नाही. मी पोटाखाली अंडी असलेल्या माद्या शक्यतो फोटो काढून परत सोडतो. परवानगी आधी, जाळी नंतर. आणि एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाण्याआधी जाळी, बूट, दोर धुऊन पूर्ण वाळवा.

स्वच्छतेची हौस

पायांच्या केसांवर पांढुरके धागे दिसले की लोक ब्रशने घासून काढतात, चित्र स्वच्छ यावं म्हणून. इटलीतल्या फ्रासासी गुहांमधल्या गंधकयुक्त पाण्यात राहणाऱ्या निफार्गसच्या अंगावरचे असे धागे थायोथ्रिक्स जिवाणूंचे निघाले, आणि त्यांचं प्राण्याशी सहजीवन आहे. पाण्याला सडक्या अंड्याचा वास येत असेल तर ब्रश बाजूला ठेवा. दोन-तीन प्राणी न धुता, वेगळ्या कुपीत, ताज्या इथेनॉलमध्ये ठेवा आणि चिठ्ठीवर पेन्सिलने ‘न धुतलेले’ असं लिहा.