ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर ते नर्सिंग ट्यूटर: वाट कशी धरायची

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी असेल तर सरळ चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग घ्या. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं असलं तरी बिघडलं नाही, दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. जास्तीचं करावं लागतं. पास झाल्याबरोबर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी करून टाका.

पहिल्या नोकरीत पगाराआधी विचारा: इथे स्क्रब कोण होतं, म्हणजे निर्जंतुक होऊन सर्जनच्या हाती हत्यारं कोण देतं? काही खासगी रुग्णालयांत टेक्निशियनच स्क्रब होतात. सिस्टरच्या वाट्याला रजिस्टर आणि पेशंट शिफ्टिंग. अशा ठिकाणी कागदावर ओटीचा अनुभव दिसतो, हात मात्र बसत नाही.

हात बसणं म्हणजे काय? बीपी हँडल (सर्जिकल ब्लेड बसवायची मूठ) ३ नंबरचं असेल तर ब्लेड १०, ११, १५. ४ नंबरला २० ते २४. ब्लेड बोटांनी नव्हे, आर्टरी फोर्सेप्समध्ये (चिमट्यात) पकडून चढवायचं. हत्यारांच्या पॅकवरच्या इंडिकेटर टेपचा रंग बदलला म्हणजे पॅक ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) गेला, एवढंच कळतं. आतून ओलसर लागला तर तो बाद.

खरी कसोटी काउंटची, म्हणजे मॉप (रक्त टिपायचे कापडी तुकडे), सुया आणि हत्यारं मोजण्याची. चिरा देण्याआधी, पोट बंद करण्याआधी आणि स्किनच्या टाक्यांआधी स्क्रब व सर्क्युलेटिंग (बाहेरून सामान पुरवणारी) सिस्टर, दोघींनी मोठ्याने मोजायचं. घोळ होतो तो रिलीव्हर (बदली सिस्टर) येताना, किंवा मध्येच दिलेले मॉप बोर्डवर लिहायचे राहतात तेव्हा. काउंट जुळत नसेल तर सर्जन कितीही घाईत असोत, तिथेच सांगा. पोट, ड्रेप (पेशंटवर घातलेली निर्जंतुक चादर), बादली सगळं पाहूनही मॉप सापडला नाही तर एक्स-रे. मॉपमध्ये रेडिओ-ओपेक (एक्स-रेत दिसणारा) धागा असतो तो यासाठीच.

वर्षभराच्या अनुभवानंतर ऑपरेशन रूम नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करता येतो. ओटीतच राहायचं असेल तर तो जरूर करा. शिकवायचं असेल तर मात्र एम.एस्सी. नर्सिंगला पर्याय नाही, असं आमचं मत. बी.एस्सी.ला ५५ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव लागतो, कोर्स दोन वर्षांचा. त्यात ओटी ही वेगळी शाखा नाही, मेडिकल-सर्जिकल घ्या. नर्सिंग एज्युकेशन हा विषय पहिल्याच वर्षी असतो. त्यातले प्रॅक्टिस टीचिंगचे तास उरकू नका. ग्लोव्हिंग शिकवताना आधी न बोलता एकदा पूर्ण करून दाखवा, मग पायरीपायरीने, मग चेकलिस्ट हातात धरून विद्यार्थिनीकडून करून घ्या.

नोकरी सोडताना अनुभवपत्रात नुसतं 'स्टाफ नर्स' चालवून घेऊ नका. विभाग आणि तारखा लिहून घ्या. नंतर त्यासाठी खेटे घालावे लागतात.