‘सर्वानुमते’ म्हणजे किती जण?

अभियंत्यांच्या संघटनेचा अध्यक्ष झालो तेव्हा वाटलं होतं, इतकी वर्षं प्रकल्प चालवले, हा आणखी एक. सहा महिन्यांत तो भ्रम उतरला. प्रकल्पावर माणसं पगारावर असतात. संघटनेत जो राबतो तो आपला रविवार मोडून राबतो. त्याला ‘उद्यापर्यंत हवंय’ म्हणून पाहा, तो भांडणार नाही, नुसता फोन उचलायचा बंद होईल.

नुकतेच कार्यकारिणीवर आला असाल तर आधी दोन गोष्टी मागून घ्या: संघटनेची घटना आणि सभासदांची यादी. आमची यादी फुगलेली होती. बहुतेक सभासद आजीव, निम्म्यांचा ईमेल नाही, पत्ते जुने, आणि काही जण तर हयातही नव्हते. त्यामागचं दुखणं पैशाचं होतं. आजीव सभासद वर्गणी एकदाच भरतो, पण भाडं, टपाल, छपाई दरवर्षी येते. वर्गणीची ती रक्कम कायम निधीत ठेवून फक्त व्याज वापरायचं, ही साधी शिस्त. आमच्या पूर्वसुरींनी अडचणीच्या वर्षांत मुद्दलातच हात घातला होता. नवे सभासद येत होते तोवर ते झाकलं गेलं. ते कमी झाल्यावर ताळेबंद बोलू लागला.

मग मी घाई केली. छापील त्रैमासिक बंद करून ते ऑनलाइन न्यायचं आणि पदाधिकाऱ्यांची निवडणूकही ऑनलाइन घ्यायची, असे दोन्ही विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत घेतले. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, झाला नाही. नियमाप्रमाणे सभा तहकूब केली, अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरवली. तहकूब सभेला सहसा कोरमची अट नसते, हे संस्थांमध्ये वावरलेल्या कुणालाही ठाऊक आहे. हजर होतो तेवीस जण. सूचक, अनुमोदक, टाळ्या, चहा. कायद्यात सगळं बसत होतं.

पुढच्या आठवड्यात एक ज्येष्ठ स्ट्रक्चरल इंजिनिअर कार्यालयात आले. हातात इतिवृत्ताची प्रत, तिच्यात ‘सर्वानुमते’ या शब्दाखाली पट्टी लावून ओढलेली लाल रेघ. बसले नाहीत. म्हणाले, “अध्यक्षमहाराज, एवढ्याशा आधारावर मी साधा सज्जासुद्धा सोडला नसता.” मला उत्तर सुचलं नाही. तेवीस जण आणि यादीत हजारावर नावं. हे गणित मला आधीच करता यायला हवं होतं.

ठराव अंमलात आणायचं थांबवलं. तीन महिन्यांनी विशेष सभा बोलावली आणि मधल्या काळात यादीतल्या प्रत्येकाला फोन करायचे ठरले. सर्वांत जास्त फोन कुणी केले असतील, तर त्या लाल रेघवाल्या गृहस्थांनी. मागितलं त्याला छापील अंक मिळेल, अशी दुरुस्तीही त्यांचीच. सभेला सभागृह भरलं. आणि मतदानाच्या वेळी ते शांतपणे विरोधात हात वर करून बसले! ठराव तरीही मंजूर झाला. या वेळी मी इतिवृत्तात ‘बहुमताने’ लिहायला सांगितलं, विरोधी मतांच्या आकड्यासकट.

तरुण येत नाहीत, ही तक्रार मात्र प्रत्येक बैठकीत व्हायची. मला ती जरा आळशी वाटते. 1818 साली लंडनमध्ये सिव्हिल इंजिनिअर्सची संस्था काढली ती तरुणांनीच. पहिली दोन वर्षं ती रडतखडत चालली. 1820 मध्ये त्यांनी रस्ते-पूल बांधणाऱ्या थॉमस टेलफर्डला अध्यक्षपद दिलं तेव्हा तो साठी ओलांडलेला, नावाजलेला माणूस होता. 1828 मध्ये संस्थेला राजसनद मिळाली. म्हणजे तरुणांना ज्येष्ठ नको असतात असं नाही. उलटं उदाहरण अमेरिकेतलं. तिथली विद्युत अभियंत्यांची संस्था 1884 ची, तर रेडिओवाल्यांची 1912 ची. इलेक्ट्रॉनिक्सकडे वळलेली नवी मुलं दुसरीकडे गेली, धाकटी संस्था थोरलीपेक्षा मोठी झाली आणि 1963 मध्ये दोघी मिळून आयट्रिपलई (IEEE) ही आजची अभियंत्यांची जागतिक संस्था झाली. आपल्या विषयाची कड कुठे सरकते आहे हे थोरलीने वेळेत पाहिलं नाही, की तिची जडणघडणच तशी होती, यावर तासभर वाद घालता येईल.

आम्ही मुलांनाच विचारलं. त्यांना व्याख्यानं नको होती, ती फोनवर मिळतात. हवं होतं ते मिळत नाही ते: चुकलेल्या कामाबद्दल मोकळेपणी बोलणारा माणूस. म्हणून महिन्यातून एक संध्याकाळ ‘फसलेली कामं’ सुरू केली. नियम दोनच. रेकॉर्डिंग नाही आणि कंपनीचं किंवा मालकाचं नाव नाही. पहिल्या दिवशी मी माझीच एक राखभिंत, म्हणजे माती अडवून धरणारी भिंत, सांगितली, जिच्यामागे पाणी निघायला वाट ठेवायची राहून गेली होती. ती फुगली तशी माझी झोप उडाली होती. मी बसल्यावर मागच्या रांगेतली एक मुलगी उठली आणि तिने तिच्या पहिल्याच साइटवरची क्यूब टेस्टची, म्हणजे काँक्रीटची ताकद तपासण्याच्या चाचणीची, गडबड सांगितली. तशी संध्याकाळ आमच्याकडे कधी झाली नव्हती.

परिसंवाद, पुरस्कार, फोटो यांत फार वेळ घालवू नका. ते आपोआप होत राहतात.

पद सोडताना मात्र एक यादी करा, पाहुण्यांची नव्हे, चाव्यांची. आमच्या वेबसाइटचं डोमेन एका जुन्या कार्यकर्त्याच्या खाजगी नावावर होतं, हे नूतनीकरणाची तारीख उलटल्यावर कळलं. बँकेचा ओटीपी दोन कार्यकारिण्यांपूर्वीच्या खजिनदारांच्या फोनवर जायचा. वीजबिल भरायचं म्हटलं की आमचा कारकून त्यांना फोन लावायचा, ते नातवाला झोपवत असायचे, आणि कुजबुजत सहा आकडे सांगायचे.