पहिला क्लास: नरकासुराचा मुखवटा, चार शनिवार

हस्तकलेचा क्लास काढायचा म्हटलं की क्विलिंग, वारली, मातीकाम, ग्रीटिंग सगळं एकाच पत्रकात कोंबलं जातं. पहिल्या बॅचला तसं करू नका. चार वर्गांत पुरी होईल आणि मुलांना जिची आधीच ओढ आहे अशी एकच वस्तू घ्या. गोव्यात दिवाळीआधी ती म्हणजे नरकासुराचा मुखवटा. बाजारात तयार मिळतो खरा, पण वाड्यावर जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्याला आपण केलेलं तोंड लागावं ही हौस प्रत्येक मुलाला असते.

तारखा उलट्या मोजा. नरकचतुर्दशीच्या आठवडाभर आधी शेवटचा वर्ग, तिथून मागे चार शनिवार, दुपारी साडेतीन ते साडेपाच. रविवारची सकाळ टाळा, ख्रिश्चन घरांतली मुलं मिसला जातात. नावं चवथीचे, म्हणजे गणेशचतुर्थीचे, पाहुणे परतल्यावरच घ्या. त्याआधी कोणाचं लक्ष नसतं.

जागा बघताना मुलं कुठे बसतील याहून मुखवटे कुठे वाळतील हे आधी बघा. आठ मुलांचे आठ पाट, प्रत्येकी साधारण ३० × ४० सेंटिमीटर, आठवडाभर कोणी न हलवता राहायला हवेत. तासावर मिळणाऱ्या हॉलमध्ये हे जमत नाही. कपाट किंवा मागची खोली मिळणार का, ते भाडं ठरवण्याआधीच विचारा. घरीच घेणार असाल तर सोसायटीची परवानगी घ्या आणि व्यवसाय परवान्याचं पंचायतीत किंवा पालिकेत विचारून ठेवा. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही.

फीचा हिशेब एकदा कागदावर मांडाच. समजा फी १,२०० रुपये. साहित्य मुलामागे २००, जागा वर्गाला ५००, मदतनीस वर्गाला ४००, किरकोळ ४००. आठ मुलं आली तर ९,६०० जमा, ५,६०० खर्च, हाती ४,०००. तयारी धरून तुमचे सोळा तास जातात, म्हणजे तासाला २५०. पाचच आली तर मदतनिसाशिवाय भागतं आणि २,६०० उरतात. सहावं मूल आलं की एकट्याने दोन्ही टोकांना लक्ष पुरत नाही, मदतनीस घ्यावा लागतो आणि उरतात २,०००. म्हणून पाचवर थांबा, नाहीतर आठ भरा. सहाची बॅच पाचपेक्षा तोट्याची, आणि सातच्या बॅचमध्ये पाचपेक्षा जेमतेम ४०० रुपये जास्त उरतात. फी पूर्ण आणि आगाऊ घ्या, कारण साहित्य तुम्ही आधीच आणलेलं असतं.

वर्ग पहिला. पाटावर प्लास्टिक, त्यावर चुरगळलेल्या रद्दीचा उंचवटा आणि वर चिकण मातीचा चेहरा, सुमारे २० सेंटिमीटर उंच. मुलामागे दीड-दोन किलो माती लागते. चवथीनंतर गणपती घडवणाऱ्या चित्रशाळेत उरलेली मिळते का बघा. ती पुढच्या बॅचलाही चालते. नाकाखाली किंवा कानामागे खोल खाच राहू देऊ नका. कागद तिथे अडकतो आणि सोडवताना मुखवटा नेमका नाकाशी फाटतो. मुलांना मोठं नाक हवंच असतं. त्याची खालची बाजू उतरती ठेवायला शिकवा. घरी जाताना माती ओल्या फडक्याने झाका.

वर्ग दुसरा सगळ्यात महत्त्वाचा. वर्तमानपत्र कात्रीने कापायचं नाही, हाताने फाडायचं. फाटलेल्या कडेचे तंतू एकमेकांत मुरतात, कापलेली कड मात्र रंगाखालूनही दिसते. कागद एका दिशेने सरळ फाटतो, दुसरीकडून वेडावाकडा. मुलांना ती दिशा स्वतः शोधू द्या. पट्ट्या दोन-तीन सेंटिमीटर रुंद. पहिला थर नुसत्या पाण्याने लावायचा, म्हणजे मातीला चिकटत नाही. मग खळ लावून पाच थर, एक वर्तमानपत्राचा, एक खाकी कागदाचा. रंग वेगळा असला की कुठे राहून गेलं ते मुलालाच कळतं. प्रत्येक पट्टी बोटाने मधून कडेकडे दाबा, आत हवा राहिली की तिथे फुगा येतो.

खळ अशी: एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, चार वाट्या उकळत्या पाण्यात ओता, मंद आचेवर पाचेक मिनिटं ढवळा. पारदर्शक झाली की उतरवा. लवंगतेलाचे चार थेंब घाला. मोरचुदाने बुरशी लागत नाही, पण तो विषारी आहे; मुलांच्या हाताशी नकोच. खळ त्याच दिवशीची वापरा.

पावसाची सर दुपारी अजून येतच असते. आतली माती आणि वरचे थर मिळून ओल भरपूर, त्यामुळे पहिले दोन दिवस पंखा चालू हवा. पाट रोज फिरवा. एकाच बाजूने वाळला तर मुखवटा पिळवटतो. काळे ठिपके दिसले तर ओल आत अडकली आहे असं समजा. ओला मुखवटा पिशवीत घालून घरी मुळीच पाठवू नका.

वर्ग तिसरा: टिचकी मारल्यावर टणक आवाज आला तरच मातीवरून सोडवा. कडा कापा, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, मग पांढऱ्या रंगाचा हात द्या, नाहीतर छपाईची अक्षरं गालावर दिसत राहतात. वर्ग चौथा: रंग, लोकरीच्या मिशा, पुठ्ठ्याचे दात. तेलरंग टाळा, पहाटे नरकासुर जाळताना मुलं जवळ उभी असतात.

मुलाचा दुसरा वर्ग चुकला तर थर तुम्ही लावून ठेवू नका. रविवारी संध्याकाळी तासभर बोलवा आणि त्याच्याकडूनच लावून घ्या. ही सोय फी घेतानाच पालकांना सांगून ठेवा.