अंड्यांचा जुना काटा: पासंग लावण्याआधी

अमेरिकेतल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात अंडी तोलायचे छोटे काटे अजून बऱ्यापैकी मिळतात. मिनेसोटातल्या ओवाटोनाचा लाल पत्र्याचा ‘जिफी-वे’ आणि सेंट पॉलचा, 1924च्या पेटंटचा ॲल्युमिनियमचा ‘ॲक्मे’ हे त्यांतले नेहमी दिसणारे. यांच्या डायलवरचे आकडे एका अंड्याच्या वजनाचे नसतात, डझनाच्या वजनाचे असतात, तेही औंसांत. सुई 24वर थांबली तर अंडे 2 औंसांचे, म्हणजे 56.7 ग्रॅमचे. डायलवरचा एक औंस अंड्यामागे जेमतेम 2.36 ग्रॅम भरतो. एवढ्याशा फरकावर अंड्याचा वर्ग बदलतो, म्हणून काटा हलका फिरला पाहिजे.

जिफी-वेसारख्या लोलकाच्या काट्यात स्प्रिंग नसते. एका बाजूला अंड्याची वाटी, दुसऱ्या बाजूला भार, मध्ये आस. स्प्रिंगच नाही तर ती सैल पडायचा प्रश्नच येत नाही. काटा चुकतो तो तिरकी बैठक, मळलेली आस किंवा कुणीतरी चढवलेला नवा रंग यांमुळे. त्यामुळे पासंगाला हात सगळ्यात शेवटी लावा.

आधी बैठक बघा. सुई गुरुत्वाकर्षणाने उभी राहते, पण डायल टेबलाबरोबर कलतो. 15 सेंमी लांबीच्या बैठकीच्या एका टोकाखाली अडीच मिलिमीटरचा चढ असला तर डायल साधारण एक अंशाने फिरतो. पाणसळ सुईच्या फिरण्याच्या दिशेत एकदा ठेवा, मग आडवी ठेवा. आडवा कल असेल तर सुई डायलला घासते. कागदाच्या घड्या घालून बैठक सरळ करा. समतलाचा स्क्रू असेल तर तो वापरा.

आता आस. वाटीत अंडे ठेवा, वाटी बोटाने किंचित दाबून सोडा आणि सुई कुठे थांबते ते पाहा. मग वाटी किंचित उचलून सोडा. दोन्ही वेळा सुई एकाच जागी यायला हवी. तशी येत नसेल तर आसेत मळ किंवा गंज आहे. मऊ ब्रशने धूळ काढा, कापडाच्या टोकाला थोडे रॉकेल लावून आस पुसा आणि पूर्ण कोरडी होऊ द्या. तेल घालू नका, खोबरेल तर मुळीच नाही: ते चिकट होऊन धूळ धरते आणि काही दिवसांत दुखणे परत येते. ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा लावू नका, तो धातू खातो. साबणाचे कोमट पाणी पुरे. जुना रंग घासू नका. त्यात शिसे असू शकते आणि डायलवरची अक्षरेही जातात.

तपासणीसाठी ईस्टरला मिळणारे प्लॅस्टिकचे पोकळ अंडे सोयीचे. त्यात वाळू आणि तांदूळ भरून डिजिटल काट्यावर 57 ग्रॅम करा, उरलेल्या जागेत कापूस कोंबा. वाळू एका कुशीला घसरली की भाराचे केंद्र सरकते आणि सुई खोटे बोलते. अशीच 50 आणि 64 ग्रॅमची अंडी करा. सुई 50 ग्रॅमला 21, 57ला 24 आणि 64ला 27च्या आसपास थांबायला हवी. तिन्ही ठिकाणी चूक एकाच बाजूला आणि जवळपास सारखी असेल तर बैठक पुन्हा बघा. ती ठीक असूनही चूक राहिली, तरच भाराच्या बाजूला मेणाचा बारीक गोळा चिकटवा किंवा नंतर चढवलेला जाड रंग काढा. मेण हवे तेव्हा निघते. भार कानशीने घासलात तर तो परत येत नाही.

अमेरिकी वर्ग, डझनाच्या किमान वजनाने, असे: स्मॉल 18 औंस, मीडियम 21, लार्ज 24, एक्स्ट्रा लार्ज 27, जम्बो 30. हा काटा भारतात आणलात तर डायलवरच्या, वर्ग दाखवणाऱ्या रंगांच्या पट्ट्यांवर विसंबू नका. ॲगमार्कच्या हिशेबात 53 ते 59 ग्रॅम म्हणजे लार्ज, त्यामुळे इथले 54 ग्रॅमचे लार्ज अंडे डायलवर मीडियममध्ये जाईल. आपल्या आकड्यांची कागदी पट्टी डायलशेजारी लावा, डायलवर चिकटवू नका.

तोलताना अंडे दर वेळी एकाच पद्धतीने ठेवा, रुंद टोक एकाच बाजूला. अंडी ताजी घ्या. कवचाच्या छिद्रांतून पाणी उडते, त्यामुळे सीमेवरचे अंडे आठवडाभराने खालच्या वर्गात घसरते. आणि हा काटा फक्त वजन सांगतो. एए, ए, बी ही प्रत ठरते ती अंडे दिव्यासमोर धरून.